होळी त्यांची, कॅमेरा आपला

दर वर्षी फाल्गुन लागला की एकच फोटो पाच-पन्नास ठिकाणांहून येऊन आदळतो. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरी नक्षी, कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची माळ आणि घुंगरं, मागे आगीचा लोळ. खालची ओळ ठरलेली. "अनटच्ड इंडिया". "आदिम नृत्य". "सातपुड्यातली अनोखी होळी". फोटो काढणाऱ्याचं नाव असतं, कॅमेऱ्याचं मॉडेल असतं, लेन्स कुठली तेही असतं. फोटोतल्या माणसाचं नाव तेवढं नसतं. बऱ्याचदा गावाचंही नसतं.

तर मंडळी, ह्या शनिवारचं भांडण ह्या फोटोशी आहे. म्हणजे फोटोशी नाही खरं तर, फोटो झकास असतात. भांडण आहे ते फोटोखालच्या त्या दोन ओळींशी, आणि त्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या-लाइक करणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या समजुतीशी. समजूत अशी की आदिवासींचा सण म्हणजे एक शो. तो जुना असतो, रंगीत असतो आणि आपण लाँग वीकेंडला जाऊन बघावा म्हणून असतो. माझं म्हणणं असं की सातपुड्यातली होळी ही एक व्यवस्था आहे. तिला नियम आहेत, वेळापत्रक आहे, वाटून दिलेल्या जबाबदाऱ्या आहेत. ती कशी जपायची, किती बदलायची आणि कुणाला दाखवायची हे ज्यांची होळी त्यांनी ठरवायचं. आपण नाही.

आधी थोडा भूगोल. (नंदुरबार म्हटलं की "म्हणजे नांदेडच्या बाजूला का?" असं विचारणारे हिंजवडीत आजही भेटतात. मी शहाद्याचा, त्यामुळे उत्तर पाठ आहे.) १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख, आणि त्यात जवळजवळ ७० टक्के आदिवासी. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची. दक्षिणेला तापीकाठचं सपाट रान, उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा. अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) हे दोन तालुके डोंगरातले. काठी, मोलगी, डाब ही गावं ह्या भागातली.

काठीची 'राजवाडी होळी' सगळ्यात प्रसिद्ध. काठी हे जुनं संस्थान. तिथली होळी १२४६ सालापासून चालत आल्याचं लोक सांगतात. साठ-सत्तर फुटी बांबू जंगलातून आणायचा, सजवायचा, उभा करायचा, रात्रभर ढोलावर नाचायचं आणि मग पहाटे होळी पेटवायची. हो, पहाटे. संध्याकाळी सातला सोसायटीच्या गेटपाशी नाही :)

आता फोटोतल्या त्या मोरपिसांच्या टोपवाल्याकडे वळू. तो 'डान्सर' नाही. त्याला बुवा म्हणतात, आणि तो व्रतात आहे. घरात आजारपण असेल, पीक गेलं असेल, काही मागणं असेल म्हणून त्याने नवस बोललेला असतो, किंवा पूर्वी बोललेला नवस तो आता फेडत असतो. त्यासाठी काही दिवस पाळणूक करायची, तिला पालनी म्हणतात. अनवाणी राहायचं, खाटेवर बसायचं-झोपायचं नाही, बायकोपासून लांब राहायचं, आंघोळ नाही, जेवणाचे नियम वेगळे. ह्या अवस्थेत गावोगावच्या होळीला चालत जायचं आणि नाचायचं. अंगावर राखेची किंवा पिठाची नक्षी आहे ती मेकअप म्हणून नाही. तोंडाला काळं फासून हातात लाकडी पळी घेतलेली 'काली' आहे ती कॉमेडी म्हणून नाही. आळंदीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्याला थांबवून "काका, जरा उडी मारून दाखवा ना, रील करतोय" असं म्हणायची आपल्यात कुणाची हिंमत आहे? मग इथेच कशी होते?

आता वेळापत्रक. हा भाग मला इंजिनियर म्हणून सगळ्यात भारी वाटतो. सातपुड्यात सगळ्या गावांची होळी एकाच रात्री नसते. डाबची आधी होते, कारण डाब हे देवांचं मूळ ठिकाण मानतात. मग एकेक गावाचा नंबर लागत जातो. काठीची फाल्गुन पौर्णिमेला. काही गावांची त्यानंतर. का? तर एका गावच्या माणसाला दुसऱ्या गावच्या होळीला जाता यावं म्हणून. पाहुणा आज यजमान आणि उद्या यजमान पाहुणा. दिवाळीचंही तेच. आपल्यासारखी आश्विन अमावस्येला सगळ्यांची एकदम नाही. गावातले जाणते, पुजारा, कारभारी बसून आपल्या गावाची दिवाळी ठरवतात, आणि ती कॅलेंडरवरच्या दिवाळीनंतर कितीतरी दिवसांनी असू शकते.

आपल्याकडे तीन टाइमझोनची एक मीटिंग ठरवायला चार टूल्स, दोन मॅनेजर आणि एक भांडण लागतं. इथे डोंगरात विखुरलेले पाडे, रस्ते असे-तसे, नेटवर्क टेकडीवर चढल्यावर, आणि तरी दोन आठवड्यांचं हे वेळापत्रक कुणाही सेंट्रल सर्व्हरशिवाय पिढ्यान्पिढ्या चालू आहे. ह्याला 'आदिम' म्हणणाऱ्याने आधी स्वतःचं कॅलेंडर उघडून बघावं.

आता पहिलं खोटं. होळीच्या आधीच्या आठवड्यात डोंगरात जे बाजार भरतात त्यांना भोंगऱ्या म्हणतात. धडगाव, मोलगी अशा बाजाराच्या गावी, त्या त्या गावच्या आठवडे-बाजाराच्या दिवशी. मध्य प्रदेशात झाबुआ, अलिराजपूर, बडवानीकडे ह्यालाच भगोरिया म्हणतात. आणि पेपरपासून ट्रॅव्हल ब्लॉगपर्यंत वर्षानुवर्षं काय छापून आलं? "आदिवासींचा व्हॅलेंटाइन डे". मुलगा मुलीला गुलाल लावतो, पान देतो आणि दोघं पळून जातात, वगैरे वगैरे. आदिवासी संघटना इतकी वर्षं ओरडून सांगताहेत की बाबांनो, हा होळीचा बाजार आहे. लोक इथे दाळ्या, फुटाणे, गूळ, खजूर, हार-कंगन (पुण्यात ज्याला गाठी म्हणतात ते) आणि कपडे घ्यायला येतात. ढोल घेऊन येतात, नातेवाइकांना भेटतात, नाचतात. पोरापोरींची नजरानजर होत असेल, नाही कोण म्हणतं? ती तुळशीबागेतही होते आणि गणपतीच्या मिरवणुकीत तर होतेच होते. म्हणून आपण गणेशोत्सवाला "मराठ्यांचा व्हॅलेंटाइन डे" म्हणतो का?

हे नुसतं चुकीचं नाही, त्याने इजा होते. हेडिंग वाचून जो बाहेरचा माणूस बाजारात कॅमेरा घेऊन शिरतो, तो तिथल्या मुलींकडे काय समजून बघतो? कल्पना करा की तुमच्या बहिणीचा, ती डाळ विकत घेत असताना काढलेला फोटो 'जोडीदाराच्या शोधात' अशा ओळीखाली छापून आला. तुम्ही काय केलं असतं? मी तर पोलीस स्टेशन गाठलं असतं.

दुसरं खोटं जास्त सभ्य आहे, म्हणून जास्त पसरलंय. "किती सुंदर आहे हो त्यांची संस्कृती, पण आता बिघडत चाललीय." म्हणजे काय झालं? तर मोरपिसांच्या टोपाखाली पोराने गॉगल लावलाय. नाचणाऱ्या पोरींच्या हातात मोबाइल आहे. कुठेतरी ढोलाच्या जोडीला डीजे आलाय. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एक फोटोवाला मित्र हेच दुःख सांगत होता, की फ्रेममध्ये गॉगल येतो म्हणून चांगले शॉट्स वाया गेले. म्हणजे बघा, फ्रेम साहेबांची आणि माणूस त्यात बसत नाही म्हणून माणूस बिघडलेला!

आपण मोदक ऑनलाइन मागवतो, सत्यनारायण व्हिडिओ कॉलवर करतो, गणपतीपुढे एलईडीची भिंत उभी करतो, आणि ते सगळं "काळानुरूप बदल". त्याने गॉगल लावला की "संस्कृतीचा ऱ्हास". डीजेवर वाद आहे का? आहे, आणि असायलाच हवा. पण तो वाद त्या गावातल्या म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी एकमेकांत घालायचा आहे. आपण त्यातले कोण?

हा रोग जागतिक आहे बरं का. आर्क्टिकमधले इनुइट घ्या. अलास्का, कॅनडा, ग्रीनलंडच्या बर्फाळ किनाऱ्यांवर राहणारे लोक. आपण शाळेत त्यांना 'एस्किमो' म्हणून शिकलो, इग्लूच्या चित्रासकट. बाहेरच्यांनी ठेवलेलं ते नाव त्यांच्यापैकी अनेकांना अपमानाचं वाटतं. इनुइट म्हणजे त्यांच्या भाषेत 'माणसं', एवढंच. (आपल्याकडे 'आदिवासी' की 'वनवासी' हा वाद साधारण ह्याच जातीचा आहे. नाव कुणी ठेवायचं?) शिकारीला निघालेला इनुइट स्नोमोबाइलवर बसला, हातात रायफल घेतली, की टीव्हीवाल्यांना वाईट वाटतं. कुत्र्यांची गाडी हवी होती ना त्यांना!

पण त्यांनी काय केलं बघा. उत्तर अलास्कातल्या इनुपियाट लोकांमध्ये (हे इनुइटांचेच भाऊबंद) किव्गिक नावाचा मोठा उत्सव असे. एका गावाने दुसऱ्या गावाला निरोप्ये धाडून आमंत्रण द्यायचं, मग भेटींची देवघेव, ढोल, नाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बंद पडला. १९८८ मध्ये बॅरो ह्या गावात लोकांनी तो पुन्हा सुरू केला. तो भरतो कुठे, तर शाळेच्या जिममध्ये. बास्केटबॉलच्या कोर्टावर! फोटोला बॅकग्राउंड एकदम बोगस. पण दूरदूरची गावं पुन्हा एकमेकांकडे जाऊ लागली. मुद्दा तोच होता. काठीच्या होळीला आलेल्या पाहुण्या गावांचाही मुद्दा तोच आहे. बॅकग्राउंड हा कधीच मुद्दा नव्हता.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणणार, "अरे पण पर्यटनाने चार पैसे मिळतात ना तिथल्या लोकांना!" रास्त प्रश्न आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे सरकारने 'चेतक फेस्टिव्हल' केला, तंबूंचं शहर उभं केलं. यात्राच मुळात खरेदी-विक्रीची, त्यामुळे गिऱ्हाईक आलं तर चांगलंच. मला काही अडचण नाही. पण बाजार वेगळा आणि व्रत वेगळं. आणि पैशाचंच म्हणाल, तर मुक्कामाचं पॅकेज पुण्याच्या ग्रुपने विकायचं, गाडी नाशिकची, जेवण शहाद्याच्या हॉटेलात, आणि काठीच्या माणसाला काय? तर टॅग. तोसुद्धा नावाशिवाय.

ह्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यावर कुणीच रील करत नाही. ती म्हणजे सुट्टी.

नंदुरबारच्या डोंगरातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला दक्षिण गुजरातेत जातात. बारडोली, सुरत, नवसारीकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधी उचल, मग ती फिटेपर्यंत तोडणी. उन्हाळ्यापर्यंत हंगाम चालतो, आणि होळी येते बरोबर मध्ये. त्या दिवसांत नंदुरबारच्या दिशेने येणाऱ्या गाड्या बघा. पोरं, गाठोडी, भांडी, सगळं घेऊन माणसं घराकडे निघालेली असतात. आपण ज्या ओढीने दिवाळीला शिवाजीनगरहून एसटी पकडतो तीच ही ओढ, फक्त पेड लीव्ह नाही. जितके दिवस होळीला, तितक्या दिवसांची मजुरी गेली आणि उचल तशीच राहिली. तरी येतात. का येतात? कारण गावात आपलं नाव आहे, वाटा आहे, हे वर्षातून एकदा सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची हीच जागा. होळीत दिसला नाही तो गावातून पुसला गेला.

आणि गावच गेलं तर? सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, नर्मदाकाठची. मणिबेलीपासून सुरुवात. लोकांना डोंगरातून उठवून तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आणलं. कागदावर 'पुनर्वसन'. जमिनीच्या बदल्यात जमीन, घराच्या बदल्यात प्लॉट. पण एका गावाचे चार तुकडे चार वसाहतींत गेले की होळीचा बांबू कुठे उभा करायचा? गावदेव कुठला? शेजारच्या कुठल्या गावाने आमंत्रण द्यायचं? नवाईला (नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय खायचं नाही, तो सण) देव कुठे शोधायचा? घर बांधायला सगळ्या पाड्याने लाहा करून, म्हणजे बिनपैशाची एकमेकांच्या कामाची फेड करून, हात लावायचा, तर तो पाडा आता कुठे आहे? भरपाईच्या तक्त्यात ह्याचा कॉलमच नाही. डेटाबेसमध्ये जे फील्ड नाही, ते सिस्टिमच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतं. हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

डेटाबेसवरून आठवलं. देशातला पहिला आधार क्रमांक कुठे दिला गेला माहितीये? २९ सप्टेंबर २०१० ला, आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली ह्या आदिवासी गावात. पंतप्रधान आले होते. आणि कॅनडाच्या सरकारने १९४० च्या दशकात काय केलं होतं? इनुइट लोकांना आडनावं नव्हती आणि साहेबांना त्यांची नावं लिहिता येईनात, म्हणून प्रत्येकाला नंबर कोरलेली एक गोल चकती दिली. गळ्यात घालायची, किंवा कपड्याला शिवायची. ज्या समाजात गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात आणि त्या नावाबरोबर सगळी नातीही देतात, त्या समाजाला नंबर! ही चकती जाऊन आडनावं यायला १९७० उजाडलं. आधार आणि ती चकती एकच आहे असं मी म्हणत नाही, आधार आपल्या सगळ्यांकडे आहे. पण सरकार नावाच्या यंत्राला आदिवासी माणूस मोजायला नेहमी आधी सापडतो आणि ऐकायला नेहमी शेवटी. हे साम्य मला टोचतं.

आणि फरक जास्त टोचतो. नंदुरबार जिल्हा झाला त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ एप्रिल १९९९ ला, कॅनडात नुनावुत हा नवा प्रदेश झाला. लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याएवढीही नाही, त्यात साधारण ८५ टक्के इनुइट. तिथे इनुइट भाषा सरकारी कामकाजाची भाषा आहे. ९ जुलै हा 'नुनावुत दिन', सरकारी सुट्टी. सगळं आलबेल आहे असं नाही, घरांची टंचाई, महागाई, आत्महत्या, प्रश्न ढीगभर आहेत. पण भाषा आणि दिवस त्यांच्या नावावर आहेत. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे १ कोटीहून जास्त निघाले. भिली आठव्या अनुसूचीत नाही. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २५ हजारही भरले नाहीत, आणि संस्कृत आहे. मला संस्कृतशी वैर नाही. फक्त हिशेब सांगितला.

मग करायचं काय? "जतन करा" म्हणणं सोपं आहे. ते म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की जतन करायचं तर ज्यावर होळी उभी आहे ते जपा. बांबू जंगलातून येतो, तर वनहक्क कायद्याखाली (२००६ चा) त्या जंगलावरचे सामूहिक हक्क गावाला मिळू देत. माणसं परत येऊ शकली तर होळी होते, तर ऊसतोड मजुराला होळीचे चार दिवस उचल-मुकादमाच्या धाकाशिवाय मिळू देत. आणि परवानगी कुणाची, ह्याचं उत्तर तर कायद्यातच आहे. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की अनुसूचित क्षेत्रात आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. अक्कलकुवा-अक्राणी त्यातच येतात. म्हणजे ड्रोन उडवायचा की नाही, पॅकेज टूर यायची की नाही, आली तर किती माणसं आणि पैसे कुणाकडे, हे ग्रामसभेने ठरवायचं. टूरवाल्याने नाही, पर्यटन खात्यानेही नाही.

आपल्यापुरतं म्हणाल तर फार कठीण नाही. जायचं तर कुणाचे तरी पाहुणे म्हणून जा. ढोल वाजत असताना मध्ये घुसू नका. फोटो काढण्याआधी विचारा, "नको" म्हटलं तर नको. काढलात तर माणसाला विचारून त्याचं नाव लिहा, निदान गावाचं तरी लिहा. 'आदिम' आणि 'अनटच्ड' हे शब्द डिक्शनरीतच राहू देत. आणि हो, तुमच्या टीममध्ये एखादा वसावे, पाडवी, वळवी किंवा पावरा असेल आणि त्याने मार्चमध्ये चार दिवस सुट्टी मागितली, तर "धुळवडीची एक दिली की, अजून कशाला?" असं विचारू नका. त्याची दिवाळी आहे ती. अप्रूव्ह करा आणि रिलीजची तारीख पुढे ढकला. नाहीतरी ती ढकलली जाणारच असते :)

असो. बघा पटतंय का. नसेल पटत तर भांडू.